कंटेनर-इमेज, पॅकेज-भांडारे आणि संशोधनातील पाठनिश्चिती

१. प्रास्ताविक

लीळाचरित्राच्या अभ्यासकास पाठभेदाचा प्रश्न नवा नाही. म्हाइंभटाने तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात सिद्ध केलेली मूळ पोथी परचक्रात नष्ट झाली व पुढे अनुयायांच्या स्मरणातून ग्रंथ पुन्हा उभा करण्यात आला, असे महानुभाव परंपरा सांगते. परिणामी एकाच लीळेचे अनेक पाठ उपलब्ध होतात. ह्या पाठांतरांना त्या परंपरेत ‘वासना’ अशी संज्ञा असून, अमुक वासना कोणाची हे नोंदविण्याची रीत आहे. नागपूर विद्यापीठाचे माजी कुलगुरू डॉ. वि. भि. कोलते ह्यांनी संपादिलेली लीळाचरित्राची आवृत्ती १९७८ मध्ये प्रसिद्ध झाली. अशी आवृत्ती हाती घेतली म्हणजे जाणत्या वाचकाचा पहिला प्रश्न असतो तो हा की, हा पाठ कोणत्या पोथीवरून घेतला आहे?

हाच प्रश्न आज संगणकीय साधनांविषयी विचारणे अगत्याचे झाले आहे. भाषाविज्ञानाचा विद्यार्थी जुन्या मुद्रित ग्रंथांची पाने यंत्राकडून वाचवून घेतो, शब्दांची सूची वर्णक्रमाने लावतो, वारंवारता मोजतो, वाक्यांचे व्याकरणिक पृथक्करण करतो आणि निघालेले आकडे प्रबंधात कोष्टकरूपाने देतो. हे आकडे केवळ मूळ सामग्रीवर अवलंबून नसतात. ज्या अनेक आज्ञावलींतून ती सामग्री गेली, त्यांच्या आवृत्त्यांवरही ते अवलंबून असतात. सामग्री जितकी लहान, तितका ह्या फरकाचा परिणाम मोठा. उदाहरणार्थ, ‘युनिव्हर्सल डिपेंडन्सीज’ ह्या आंतरराष्ट्रीय संग्रहातील मराठीचा ‘यूफॅल’ वृक्षसंग्रह अवघ्या ४६६ वाक्यांचा आहे. वाक्यविच्छेद करणाऱ्या आज्ञावलीची आवृत्ती बदलून एका वाक्याचा निर्णय फिरला, तरी शेकडा ०.२ हून अधिक फरक पडतो.

ह्या अडचणीवर उपाय म्हणून ‘कंटेनर-इमेज’ हे साधन अलीकडे सुचविले जाते. सर्व आज्ञावली एका बंद पेटीत ठेवल्या की प्रयोग कोठेही आणि केव्हाही जसाच्या तसा करता येतो, असा समज त्यामागे आहे. हा समज अर्धाच खरा आहे. पेटी तीच राहिली तर निष्कर्ष बहुधा तोच राहील. परंतु पेटी ज्या कृतीने तयार केली ती कृती पुन्हा केली असता तीच पेटी मिळेल, ह्याची शाश्वती नाही. ती शाश्वती पॅकेजे व भांडारे ह्यांच्या काटेकोर निश्चितीतून येते. प्रस्तुत लेखाचा विषय ही निश्चिती हाच होय.

२. इमेज आणि तिची कृती

कंटेनर म्हणजे संगणकाच्या मूळ प्रणालीपासून वेगळी राखलेली कार्यकक्षा. तीत चालणाऱ्या आज्ञावलीस स्वतःच्या फाइली, स्वतःची ग्रंथालये आणि स्वतःची मांडणी दिसते. मात्र प्रणालीचा गाभा, म्हणजे लिनक्सचे कर्नल, यजमान संगणकाचेच असते. कंटेनर ज्या साच्यावरून उभा राहतो त्या साच्यास इमेज म्हणतात. हे तंत्र लोकांच्या हाती आले ते मुख्यतः २०१३ मध्ये प्रकट झालेल्या ‘डॉकर’मुळे, इमेजचे स्वरूप सर्वमान्य व्हावे म्हणून २०१५ मध्ये ‘ओपन कंटेनर इनिशिएटिव्ह’ स्थापन झाली, आणि आज ‘पॉडमॅन’सारखी अन्य साधनेही त्याच स्वरूपाच्या इमेज वापरतात.

इमेज तयार करण्याची कृती ‘डॉकरफाइल’ नावाच्या साध्या मजकुराच्या फाइलीत लिहिलेली असते. आरंभी ‘फ्रॉम’ ह्या आज्ञेने आधारभूत इमेज सांगावयाची. मग ‘रन’ ह्या आज्ञांनी तीवर पॅकेजे चढवावयाची. ‘कॉपी’ने स्वतःच्या फाइली आत घ्यावयाच्या. फाइलींत बदल करणाऱ्या प्रत्येक आज्ञेसरशी इमेजवर एक नवा थर बसतो. खालचा थर एकदा बसला की तो बदलत नाही. वरच्या थरात एखादी फाइल पुसली तरी ती केवळ झाकली जाते, खालच्या थरात ती राहतेच आणि इमेजचे वजनही कमी होत नाही.

येथे एक भेद लक्षात ठेवणे अवश्य आहे. इमेज ही सिद्ध प्रत होय; डॉकरफाइल ही ती प्रत सिद्ध करण्याची विधी होय. विधीत ‘अमुक पॅकेज आणून बसवा’ एवढेच लिहिलेले असते. कोणत्या दिवशीचे, कोणत्या भांडारातील, कोणत्या आवृत्तीचे, हे बहुधा लिहिलेले नसते. ज्या संपादकाने ‘एका पोथीवरून पाठ घेतला’ इतकेच लिहून ठेवले, त्याच्या प्रस्तावनेसारखी ही डॉकरफाइल समजावी.

३. पॅकेज, भांडार आणि विश्वासाची साखळी

डेबियन ह्या प्रणालीचे उदाहरण घेऊ, कारण असंख्य इमेजांचा आधार तीच आहे. १९९३ मध्ये आरंभ झालेल्या ह्या सामूहिक प्रकल्पात प्रत्येक आज्ञावली ‘पॅकेज’ ह्या रूपाने मिळते. पॅकेजात फाइलींसोबत एक ओळखपत्र असते: नाव, आवृत्ती, आणि ते ज्यांवर अवलंबून आहे अशा अन्य पॅकेजांची यादी. ही पॅकेजे जेथे साठविलेली असतात ते ‘रिपॉझिटरी’, म्हणजे भांडार. भांडारातून पॅकेज शोधून, त्याची अवलंबिते जुळवून ते बसविण्याचे काम ‘ॲप्ट’ ही आज्ञावली करते.

कोणत्या भांडारातून आणावयाचे हे ॲप्टला एका मांडणी-फाइलीत सांगावे लागते. त्या फाइलीत चार गोष्टी असतात. पहिली, भांडाराचा पत्ता. दुसरी, प्रकाशनाचे नाव; डेबियनच्या प्रत्येक प्रकाशनास क्रमांकाशिवाय एक टोपणनावही असते, जसे ११ व्याचे ‘बुल्सआय’, १२ व्याचे ‘बुकवर्म’, १३ व्याचे ‘ट्रिक्सी’. तिसरी, विभाग, मुक्त परवान्याची पॅकेजे ‘मेन’ ह्या विभागात असतात, इतर वेगळ्या विभागांत. चौथी, ज्या किल्लीने भांडाराची सही पडताळावयाची ती किल्ली. पूर्वी ह्या नोंदी एका ओळीत लिहीत. डेबियन १२ पासूनच्या अधिकृत डॉकर इमेजांत त्या ‘डेबियन.सोर्सेस’ नावाच्या फाइलीत प्रत्येकी स्वतंत्र ओळीवर दिलेल्या आढळतात.

सहीची व्यवस्था समजून घेण्यासारखी आहे. भांडाराच्या शिरोभागी ‘रिलीज’ नावाची एक फाइल असते; तीत पॅकेजांच्या याद्यांचे गणिती ठसे नोंदलेले असतात, आणि तिच्यावर प्रकल्पाची डिजिटल सही असते. त्या याद्यांत प्रत्येक पॅकेजाचा ठसा असतो. म्हणजे सहीवरून रिलीज-फाइल खरी ठरते, तीवरून याद्या, आणि याद्यांवरून प्रत्येक पॅकेज. ही साखळी अखंड असेपर्यंत पॅकेज मुंबईच्या प्रतिभांडारातून आले की जर्मनीच्या, ह्यास महत्त्व नाही. मध्ये कोणी एक अक्षर बदलले तरी ठसा जुळणार नाही. म्हणूनच सही जुळत नाही अशी तक्रार येताच ती तपासणीच बंद करण्याचा जो सल्ला पुष्कळदा दिला जातो, तो स्वीकारू नये. तो स्वीकारणे म्हणजे पोथीवरील लेखकाचे नाव खरडून काढून तिला प्रमाण मानणे होय.

४. पाठ कसा बदलतो

वरील साखळी पॅकेज खरे आहे एवढे सिद्ध करते; ते गेल्या वर्षीचेच आहे असे सिद्ध करीत नाही. बदल शिरण्याच्या वाटा मुख्यतः चार आहेत.

पहिली वाट फिरत्या नावांची. डेबियनचे ‘स्टेबल’ हे नाव कोणत्याही एका प्रकाशनाचे नाही. जे प्रकाशन त्या वेळी चालू असेल त्यास ते लागते. १० जून २०२३ पूर्वी ते बुल्सआयला लागत होते, त्या दिवशी ते बुकवर्मला लागले, आणि ९ ऑगस्ट २०२५ रोजी ट्रिक्सीला. मुद्रित अक्षरे वाचणारी ‘टेसरॅक्ट’ ही आज्ञावली बुल्सआयमध्ये ४.१.१ ह्या आवृत्तीची आहे, तर बुकवर्ममध्ये ५.३.० ह्या आवृत्तीची. म्हणजे ‘स्टेबल’ असे लिहिलेल्या एकाच डॉकरफाइलीने जानेवारी २०२३ मध्ये एक वाचक बसविला आणि त्याच वर्षी जुलैमध्ये दुसरा. आधारभूत इमेजच्या ‘लेटेस्ट’ ह्या चिठ्ठीचाही हाच प्रकार आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी.चा कालावधी किमान तीन व कमाल सहा वर्षांचा आहे. डेबियनचे नवे प्रकाशन मात्र साधारणतः दर दोन वर्षांनी येते. त्यामुळे पहिल्या प्रकरणातील आकडे एका प्रकाशनाचे आणि शेवटच्या प्रकरणातील आकडे तिसऱ्याचे, अशी स्थिती नकळत उद्भवू शकते.

दुसरी वाट साठवणुकीची. इमेज पुन्हा घडविताना डॉकर न बदललेले थर नव्याने करीत नाही. साठविलेले थरच वापरतो. याद्या अद्ययावत करण्याची आज्ञा एका ‘रन’मध्ये आणि पॅकेज बसविण्याची दुसऱ्या ‘रन’मध्ये लिहिली, तर दुसरी बदलली तरी पहिली जुनीच राहते, मग जुन्या यादीतील पॅकेज भांडारात सापडत नाही आणि घडण मोडते. ह्याहून वाईट म्हणजे ती कधी मोडत नाही आणि जुने पॅकेज मुकाट्याने बसते. यास्तव याद्या आणणे, पॅकेजे बसविणे व शेवटी याद्या पुसणे ही तिन्ही कामे एकाच ‘रन’मध्ये लिहावीत. याद्या नंतरच्या थरात पुसल्याने इमेज हलकी होत नाही, हे वर आलेच आहे.

तिसरी वाट शिफारशींची. पॅकेजाच्या ओळखपत्रात अवलंबितांखेरीज ‘शिफारस केलेली’ पॅकेजेही असतात. ॲप्ट तीही आणतो. इमेज लहान राहावी म्हणून बहुतेक डॉकरफाइलींत ती वगळण्याचा पर्याय दिलेला असतो. हा पर्याय योग्यच आहे, परंतु मग जे जे हवे ते ते नावाने मागितले पाहिजे. टेसरॅक्टसोबत इंग्रजीची प्रशिक्षित सामग्री येते. मराठीची सामग्री ‘टेसरॅक्ट-ओसीआर-मार’ ह्या स्वतंत्र पॅकेजात आहे व ती मागावी लागते. देवनागरी टंकाचीही तीच गोष्ट. ‘लोहित’ ह्या मुक्त परवान्याच्या टंकांचे देवनागरी पॅकेज बसविले नाही, तर त्या इमेजमध्ये काढलेल्या आलेखांत मराठी शीर्षकांच्या जागी रिकामे चौकोन उमटतात.

चौथी वाट प्रश्नोत्तरांची. काही पॅकेजे बसताना प्रश्न विचारतात. कालक्षेत्राचे पॅकेज हे त्याचे परिचित उदाहरण. इमेज घडताना उत्तर देणारे कोणी नसते आणि घडण तेथेच अडकते. त्यासाठी ‘नॉनइंटरॅक्टिव्ह’ ही खूण द्यावी. मात्र ती केवळ त्या आज्ञेपुरती असावी, इमेजमध्ये कायमची लिहू नये. जे उत्तर अपेक्षित आहे, जसे ‘आशिया/कोलकाता’, ते अगोदरच लिहून ठेवावे.

५. मराठी वर्णक्रमाची परीक्षा

मराठीच्या अभ्यासकास ह्या विषयातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट भाषा-मांडणीची, म्हणजे ‘लोकेल’ची होय. आधारभूत इमेज शक्य तितक्या लहान ठेवलेल्या असतात. डेबियनच्या अधिकृत इमेजांत मराठीचे लोकेल तयार नसते. काही सांगितले नाही तर ‘सी’ हे आद्य लोकेल लागू होते. ‘स्लिम’ प्रकारच्या इमेजांत आज्ञावलींच्या संदेशांची भाषांतरेही काढून टाकलेली असतात. पण ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत: संदेशांची भाषांतरे नसली तर फक्त सूचना इंग्रजीत येतात, लोकेल नसेल तर वर्णक्रमच बदलतो.

ह्याचा परिणाम पाच शब्दांवर पाहता येतो: कल, कवच, कस, कहर, कळ. मराठी वर्णमालेत ळ हे अक्षर ह नंतर येते. म्हणून वर दिलेला क्रम हाच मराठीचा क्रम. युनिकोडच्या संकेतक्रमात मात्र ळ ला ल च्या लगोलग पुढचे स्थान दिलेले आहे, व च्या अगोदर. ‘सी’ किंवा ‘सी.यूटीएफ-८’ ह्या लोकेलांत संकेतक्रमच प्रमाण असल्यामुळे तेथे क्रम लागतो तो असा: कल, कळ, कवच, कस, कहर. जोडाक्षरांतही असाच प्रकार होतो. संकेतदृष्ट्या क्ष हे स्वतंत्र अक्षर नसून क, हलन्त चिन्ह व ष ह्यांचा समूह आहे. त्यामुळे ‘क्षमा’ हा शब्द ‘कौल’ नंतर आणि ‘खण’ पूर्वी जाऊन बसतो. वर्णमालेप्रमाणे पाहावे तर त्याचे स्थान शेवटी, ह व ळ यांच्याही नंतर. शब्दसूची शेकडो पानांची असेल, तर हा दोष डोळ्यांना दिसत नाही. केवळ अमुक शब्द ‘सापडला नाही’ असा खोटा निष्कर्ष निघतो.

उपाय असा. ‘लोकेल्स’ हे पॅकेज बसवावे. त्याच्या यादीतील ‘एमआर_आयएन.यूटीएफ-८’ ही ओळ चालू करून लोकेल घडवावे. आणि ‘एन्व्ह’ ह्या आज्ञेने ते इमेजला लागू करावे. पण एवढ्याने भागत नाही. वर्णक्रमाची कोष्टके ज्या ग्रंथालयात असतात त्या ‘जीलिबसी’च्या आवृत्तीबरोबर कोष्टकेही बदलतात. २०१८ मध्ये आलेल्या २.२८ ह्या आवृत्तीत ती इतकी बदलली की, जगभरातील अनेक विदासंचांच्या सूच्या नव्याने बांधाव्या लागल्या. शिवाय आज्ञावलींच्या काही भाषा प्रणालीचे लोकेल पाहतच नाहीत. पायथनमधील साधी क्रमरचना लोकेल कोणतेही असो, संकेतक्रमानेच होते.

म्हणून डॉकरफाइलीतच एक परीक्षा ठेवणे हिताचे. वरच्यासारख्या पाचपंचवीस शब्दांची एक फाइल आणि त्यांच्या अपेक्षित क्रमाची दुसरी, अशा दोन फाइली इमेजमध्ये घ्याव्यात. प्रबंधात जी आज्ञावली प्रत्यक्ष वापरावयाची तिच्याकडूनच पहिली लावून घ्यावी. आणि निकाल दुसरीशी जुळला नाही तर घडण तेथेच थांबावी. क्ष व ज्ञ ह्यांच्या स्थानाविषयी सर्व कोशांचे धोरण एक नाही; ज्या कोशाचे धोरण स्वीकारले असेल ते ह्या फाइलीत उघड लिहिले जाते, हा ह्या परीक्षेचा आणखी एक लाभ.

६. परकी भांडारे

डेबियनच्या भांडारात जे नाही, किंवा जुन्या आवृत्तीचे आहे, त्यासाठी अन्य संस्थांची भांडारे जोडण्याचा प्रसंग येतो. तेथे दोन पथ्ये पाळावीत.

पहिले किल्लीचे. पूर्वी ‘ॲप्ट-की’ ह्या आज्ञेने परक्या भांडाराची किल्ली सर्वसाधारण विश्वासाच्या जुडग्यात घातली जाई. त्याचा अर्थ असा होई की, एका लहानशा साधनासाठी घेतलेल्या किल्लीने प्रणालीतील कोणत्याही पॅकेजावर सही करता यावी. डेबियन १३ मध्ये ही आज्ञा राहिलेली नाही. आता प्रत्येक भांडाराची किल्ली वेगळ्या फाइलीत ठेवून, भांडाराच्या नोंदीतील ‘साइन्ड-बाय’ ह्या ओळीत तिचा निर्देश करावयाचा असतो. मग ती किल्ली त्या भांडारापुरतीच चालते.

दुसरे अग्रक्रमाचे. एकच पॅकेज दोन भांडारांत असेल तर ॲप्ट सामान्यतः मोठ्या क्रमांकाची आवृत्ती निवडतो, आणि परक्या भांडाराने मूळ प्रणालीचे एखादे ग्रंथालय नकळत बदलून टाकलेले असते. अग्रक्रमाच्या फाइलीत हे आकड्यांनी बांधता येते. सामान्य अग्रक्रम ५०० असतो. परक्या भांडारास सरसकट त्याहून कमी आकडा देऊन, हव्या त्या एकाच पॅकेजाला तो वाढवून द्यावा. ऋण आकडा दिल्यास ते पॅकेज बसतच नाही; १००० पेक्षा अधिक दिल्यास आहे त्यापेक्षा जुनी आवृत्तीही बसते.

पायथनची पॅकेजे ‘पिप’द्वारा वेगळ्याच भांडारातून येतात. डेबियन १२ पासून प्रणालीच्या पायथनमध्ये पिपने थेट पॅकेजे बसविण्यास मज्जाव आहे. तो डावलण्याचा पर्याय असला तरी स्वतंत्र परिसर निर्माण करून त्यात ती बसविणे अधिक योग्य. त्यांच्या यादीत आवृत्तीसोबत ठसाही लिहावा व ठसा आवश्यक ठरविणारा पर्याय द्यावा, म्हणजे वर वर्णिलेल्या साखळीसारखीच पडताळणी येथेही होते.

७. भांडारे नाहीशी होतात

इतके सर्व केले तरी एक प्रश्न उरतो: भांडारच उठून गेले तर? ही शंका काल्पनिक नाही. मार्च २०१९ मध्ये डेबियन ८ चा ‘अपडेट्स’ हा विभाग मुख्य भांडारातून काढण्यात आला आणि त्यावर विसंबलेल्या डॉकरफाइली एकाएकी घडेनाशा झाल्या. २०२३ मध्ये डेबियन ९ मुख्य भांडारातून उठून जुन्या प्रकाशनांच्या संग्रहात गेले. ‘सेंटओएस ८’ची मुदत ३१ डिसेंबर २०२१ रोजी संपली, आणि पुढील महिन्याच्या अखेरीस त्याची पॅकेजे नेहमीच्या भांडारांतून निघून ‘व्हॉल्ट’ ह्या संग्रहात गेली. पॅकेजे नष्ट झाली नव्हती. पत्ता बदलला होता. परंतु डॉकरफाइलीस नवा पत्ता ठाऊक नसतो.

केवळ पॅकेजाची आवृत्ती लिहून हा प्रश्न सुटत नाही. उलट अधिक बिकट होतो. डेबियनच्या एका प्रकाशनाच्या भांडारात सामान्यतः पॅकेजाची त्या त्या वेळची चालू आवृत्तीच राहते. दोषनिवारणासाठी नवी आवृत्ती आली की जुनी तेथून जाते, आणि ‘हीच आवृत्ती द्या’ असे सांगणारी डॉकरफाइल अडते.

ह्यासाठी डेबियनचे ‘स्नॅपशॉट’ हे दप्तर आहे. २००५ पासूनच्या भांडारांच्या अवस्था त्यात दिनांक व वेळेनिशी जतन केलेल्या आहेत. मांडणी-फाइलीत नेहमीच्या पत्त्याऐवजी ह्या दप्तराचा एखाद्या निश्चित क्षणाचा पत्ता दिला की, ‘आज जे असेल ते’ ऐवजी ‘त्या क्षणी जे होते ते’ मिळते. डेबियनच्या अधिकृत इमेजांतील मांडणी-फाइलीत ती इमेज ज्या क्षणाच्या भांडारातून घडली त्याचा स्नॅपशॉट-पत्ता टीपरूपाने दिलेला असतो. तोच स्वीकारणे सोयीचे. सुरक्षा-विभागासारख्या काही विभागांच्या रिलीज-फाइलीस वैधतेची मुदत असते. जुन्या क्षणाची फाइल त्या कारणाने नाकारली जाते. तेव्हा मुदतीची तपासणी तेवढी बंद करावी. सहीची तपासणी कदापि बंद करू नये.

आधारभूत इमेजही चिठ्ठीने न मागता ठशाने मागावी. चिठ्ठी दुसऱ्या इमेजला लावता येते. चौसष्ट अक्षरांचा ठसा एकाच इमेजचा असतो.

८. चालू प्रत आणि प्रमाण प्रत

ह्यावर एक सयुक्तिक आक्षेप घेतला जातो. भांडार गोठविले म्हणजे सुरक्षेच्या सुधारणाही गोठल्या. वर्षानुवर्षे जुनी पॅकेजे चालविणे धोक्याचे नाही काय? धोक्याचे आहेच. जी इमेज महाजालाकडे तोंड करून अहोरात्र सेवा देते, तिच्या बाबतीत ताजेपणालाच प्राधान्य द्यावे लागेल. परंतु प्रबंधाच्या पुराव्याची इमेज ही सेवा देणारी नव्हे; ती परीक्षकाने एकदा उघडून, जाळ्यापासून तोडलेल्या स्थितीत चालवून पाहावयाची असते. म्हणून दोन प्रती ठेवाव्यात. चालू प्रत नेहमी अद्ययावत. प्रमाण प्रत विशिष्ट क्षणाशी बांधलेली. दोहोंची डॉकरफाइल एकच असू शकते. भांडाराचा क्षण तेवढा बाहेरून पुरवावयाचा. चालू प्रतीतील आकडे प्रमाण प्रतीपेक्षा वेगळे येऊ लागले, तर तो फरक दडविण्याजोगा नसून अभ्यासण्याजोगा आहे.

विभागाच्या प्रयोगशाळेत आणखी एक व्यावहारिक अडचण येते. वीस-पंचवीस विद्यार्थी एकाच तासाला इमेज घडवू लागले की तीच पॅकेजे तितक्याच वेळा बाहेरून येतात. शिवाय विद्यापीठातील सर्व संगणक बाहेरच्या जगास बहुधा एकाच पत्त्याचे दिसतात. आणि ‘डॉकर हब’ने नोव्हेंबर २०२० पासून निनावी मागण्यांवर पत्त्यागणिक मर्यादा घातलेली असल्यामुळे, वर्गातील पहिल्या काही जणांना इमेज मिळते व उरलेल्यांना नकार. ह्यावर आधारभूत इमेज एकदाच आणून विभागाच्या स्वतःच्या नोंदणीत ठेवणे, आणि पॅकेजांसाठी ‘ॲप्ट-कॅशर-एनजी’सारखा स्थानिक मध्यस्थ बसविणे, हा उपाय आहे. मात्र मध्यस्थाचा पत्ता घडणीच्या वेळी बाहेरून द्यावा. इमेजमध्ये लिहिल्यास ती नागपूरबाहेर निरुपयोगी होईल.

शेवटी जतनाचा प्रश्न. इनफ्लिबनेटच्या ‘शोधगंगा’ ह्या भांडारात प्रबंध जातो, त्याची इमेज जात नाही. ती विभागाने आपल्या ग्रंथालयात ठेवावयास हवी. सिद्ध इमेज एका फाइलीत उतरवून घेता येते. तिच्यासोबत डॉकरफाइल, मांडणी-फाइली, किल्ल्या, बसविलेल्या सर्व पॅकेजांची आवृत्तीसह यादी आणि यंत्राच्या प्रोसेसरची जात नोंदवून ठेवावी. केवळ इमेज ठेवली तर ती चालेल, पण कशी घडली हे कळणार नाही. केवळ डॉकरफाइल ठेवली तर कळेल, पण भांडारे उठून गेल्यावर घडणार नाही. पुन्हा घडविलेली इमेज अक्षरशः तीच असेल अशी अपेक्षा मात्र धरू नये. फाइलींवरील वेळेच्या नोंदींमुळेही ठसा बदलतो. पॅकेजे तीच आणि परीक्षेचे निकाल तेच, एवढे जमले तरी प्रबंधाच्या दृष्टीने पुरेसे आहे.

९. समारोप

वरील विवेचनाचे सार असे. आधारभूत इमेज ठशाने मागावी. प्रकाशनाचे फिरते नाव टाळावे. भांडार एका क्षणाशी बांधावे. प्रत्येक किल्ली आपल्या भांडारापुरती ठेवावी. हवे ते प्रत्येक पॅकेज नावाने मागावे. आणि मराठी वर्णक्रमाची परीक्षा घडणीतच घ्यावी. ह्या सहांपैकी एकही गोष्ट अवघड नाही. सर्व मिळून डॉकरफाइलीत वीस-पंचवीस ओळींची भर पडते.

तरीही त्या लिहिल्या जात नाहीत, कारण संगणकीय साधन हे आपल्या विद्येचा भाग नसून तिच्या बाहेरची सोय आहे, अशी समजूत मानव्यविद्यांच्या विभागांत अद्याप रूढ आहे. पोथीचे स्थळ, लेखनकाल आणि लेखक न सांगता पाठ देणारा संपादक आज कोणी मान्य करणार नाही. मग ज्या आज्ञावलीने शब्द वाचले, मोजले आणि क्रमाने लावले, तिचे स्थळ व काळ न सांगता दिलेले कोष्टक तरी का मान्य व्हावे? प्रबंधाच्या परिशिष्टात सामग्रीच्या सूचीशेजारी इमेजचा ठसा, भांडाराचा क्षण आणि पॅकेजांची यादी ह्यांना जागा देण्याचा प्रघात विभागांनी पाडला, तर पुढील अभ्यासकास मतभेद नेमका कोठे आहे हे तपासता येईल, आणि तो भाषेविषयी आहे की केवळ भांडारांच्या फरकाने उद्भवला आहे, ह्याचा निवाडाही करता येईल.